भाकरीच्या वक्ताला

“ले, मुन्नी,” म्हणत उस्मानभाईंनी गजांतून भाकरीचा तुकडा आत सरकवला. मुन्नी उठून आली. तिनं तुकड्यावर मान खाली घातली आणि उस्मानभाईंनी हातातली काठी गजांतून आत घालून तिच्या नाकावर मारली, वेसणीच्या जुन्या भोकावर. अस्वल ओरडतं तेव्हा बाईमाणूस ओरडल्यासारखं वाटतं. “ले, मुन्नी,” ते पुन्हा म्हणाले. ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ती आली नाही. मागच्या भिंतीला टेकून, पुढचे दोन्ही पंजे तोंडावर घेऊन बसली.

रविवार होता, बाग माणसांनी भरली होती. शेजारच्या पिंजऱ्यातला बिबट्या उठावा म्हणून ज्या गृहस्थानं थोड्या वेळापूर्वी त्याच्या अंगावर रिकामी बाटली फेकली होती, त्यानंच धावत येऊन पहिल्यांदा उस्मानभाईंची मानगूट धरली. “मुक्या जनावराला मारतो? लाज वाटत नाही?” मग दुसरा आला, तिसरा आला. एका बाईनं हातातले चिवड्याचे पुडे नवऱ्याकडे दिले आणि पायातली चप्पल काढली. मी ओरडले, “सोडा त्यांना, त्यांचंच अस्वल आहे ते!” तर लोक आणखी भडकले. “म्हणजे दरवेशी हाय का हा? हाणा!” पिंजऱ्यांचा रखवालदार तुकाराम धावत आला आणि त्यानं उस्मानभाईंना कसंबसं ओढून बाहेर काढलं. तोवर एक दात पडला होता, टोपी कुणाच्या तरी पायाखाली गेली होती. एवढा मार खाताना त्या माणसानं एकदाही मारणाऱ्यांकडे बघितलं नाही. तो मुन्नीकडेच बघत होता.

त्या दिवशी बागेत असलेले लोक आजही घरी सांगत असतील, आम्ही एका राक्षसाला चांगला धडा शिकवला. त्यांना खरं कुणी सांगितलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला जमेल तसं सांगते.

माझं गाव औसा तालुक्यात. भूकंपात ते गेलं. नवरा गेला, धाकटा मुलगा गेला. मी आणि मुलगी मंगल राहिलो, ती तेव्हा दुसरीत होती. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, पुष्कळांनी लिहिलंय. आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. रोज गाड्या यायच्या. कुणी ब्लँकेटं आणायचे, कुणी कागद घेऊन प्रश्न विचारायचे, कुणी नुसतेच बघून जायचे. एक शहरातली बाई माझ्या शेजारणीला म्हणाली, “जरा ढिगाऱ्याकडे बघा ना,” आणि तिचा फोटो काढला. शेजारणीनंही बघितलं. आम्हाला तेव्हा कुणी काहीही सांगावं आणि आम्ही ते करावं, असे दिवस होते.

अशात एके दिवशी एक माणूस अस्वल घेऊन शेडसमोर उभा राहिला. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी मेंदीनं लाल केलेली. डमरू वाजवत नव्हता, काही मागत नव्हता. माझं डोकं तेव्हा सारखं तापलेलं असायचं. मी म्हटलं, “तू पण बघायला आलास का रे?”

“न्हाई, अक्का. बघणाऱ्यांना बघून राहिलो,” तो म्हणाला. “म्या जनावर घिऊन फिरणारा माणूस. माझी नजर कधी मुन्नीवर नसती, लोकांच्या तोंडावर असती. कोण हसंल, कोण भिईल, कोण काई न देता सटकंल. इथं आलेल्यांची तोंडं बघा. मुन्नीला बघताना असतेत, तसलीच हायेत. फरक एकच हाय. मुन्नी नाचून दावती, मग लोक घरी जातेत. तुम्ही नाचत न्हाई, म्हणून हे हलतच न्हाईत.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दगड घातला असता. पण खोटं नव्हतं ते.

मंगल पत्र्याखाली यायला तयार नव्हती. कुठल्याच छपराखाली नाही. चिंचेच्या झाडाखाली बसून राहायची, जेवायलाही तिथंच. थंडी पडायला लागली होती. आमच्याकडे रीत आहे, भ्यालेल्या लेकराला अस्वलाच्या पाठीवर बसवतात आणि अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधतात. शेजारणी म्हणाल्या, बसव. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बसवली. उस्मानभाईंनी तिला चिंचेभोवती फिरवलं, तिच्याशी काहीबाही बोलत राहिले आणि बोलता बोलता मुन्नीला वळवून सरळ आमच्या शेडमध्ये शिरले. पोरीच्या लक्षात आलं तेव्हा डोक्यावर पत्रा होता. तिनं मुन्नीचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरले. मुन्नी खाली बसली. मग मंगलही तिला टेकून बसली.

“गेली का हिची भीती?” मी विचारलं.

“भीती कुठं जाती, अक्का? तिला संगं घिऊन आत यायचं असतंय, बस.”

मंगलची भीती आजही गेलेली नाही. आता ती स्वतः दोन लेकरांची आई आहे, तरी पहाटे भांडं पडलं की अंगणात पळते. पण त्या दिवसापासून ती आत झोपायला लागली, एवढं खरं.

पुढं भावानं आम्हाला नांदेडला आणलं. तेव्हा लातूर काय, नांदेड काय, गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊन राहिली होती. गल्लोगल्ली क्लास निघत होते, गोठ्यांच्या खोल्या होऊन भाड्यानं जात होत्या. या पोरांना कुणीतरी जेवायला घालायला हवंच होतं. मी खानावळ काढली. उस्मानभाईंची वर्षाची वाट ठरलेली असायची: मुरुडचा बाजार, शिरूर अनंतपाळ, मग जळकोट, तिथल्या माळावर त्यांच्या जमातीची पालं होती, आणि शेवटी नांदेड. नांदेडला आले की मुन्नीला माझ्या दारातल्या लिंबाला बांधायचे आणि पायरीवर बसून चहा प्यायचे. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते लिंबाला बांधलेलं असायचं.

पहिल्याच वेळी मी मुन्नीपुढं भाकरी टाकली. तिनं वास घेतला आणि मान फिरवली. मला राग आला. “काय हो, तुमचं अस्वल जात बघतं का माझी?”

उस्मानभाई पोट धरून हसले. “जात न्हाई बघत, अक्का, जहर बघती. माझ्या बापाचं अस्वल एका गावात कुणी तरी गंमत म्हणून जहराची रोटी घालून मारलं. तवापासनं आमच्या घरात शिकवण हाय. किती बी भूक असंना, आमच्या तोंडून हाक आल्याबिगर जनावरानं घास उचलायचा न्हाई.” मग त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, “ले, मुन्नी,” आणि तिनं भाकरी एका दमात संपवली. या शिकवणीचा त्यांना मोठा अभिमान होता. ती खानावळीच्या पोरांना दाखवायला ते मुन्नीपुढं गूळ ठेवायचे आणि चहा संपेपर्यंत हाक द्यायचे नाहीत. मुन्नीच्या तोंडाला फेस यायचा, पण ती गुळाला शिवायची नाही.

मग अस्वलं नाचवायला बंदीचा कायदा आला. आधीपासून होता म्हणतात, अंमल तेव्हा सुरू झाला. जंगलखात्याच्या लोकांनी त्यांना जळकोटच्या बाजारात धरलं. नांदेडला नदीच्या अंगाला एका संस्थेची बाग होती, आता ती नाही. तिथं मोर, माकडं, बिबट्या, मगर आणि काचेच्या पेट्यांत मासे होते. मुन्नीला तिथं ठेवायला आणलं. ती पिंजऱ्यात जाईना. माणसांनी दोर लावून ओढली तरी जाईना. शेवटी बागेचे साहेब उस्मानभाईंना म्हणाले, “तूच घाल.” ते आत गेले, “चल” म्हणाले, ती मागोमाग गेली. त्यांनी तिच्या नाकातली वेसण सोडवली आणि ते बाहेर आले. दार लागलं.

तिथून ते सरळ माझ्याकडे आले. ताट वाढलं, त्याला हात लावला नाही. “तिला वाटलं असंल, अक्का, पाणी आणाया गेलाय.”

मी त्यांची समजूत काढली नाही. मला ते जमत नाही. मी म्हटलं, “उस्मानभाई, कायदा काही चूक नाही. नाकात दोरी घालून जन्मभर फिरवलंत तिला.”

“हाव,” ते म्हणाले. “पिलू हुती तवा सुई तापवून म्याच नाक टोचलं. दात म्याच काढले. लई रडली. म्या म्हटलं, रोटी खायाची तर रडावं लागतंय. लोक मला इचारतेत, दरवेशी, अस्वलाला पिंजऱ्यात घातलं, वाईट वाटलं का? त्यांला कसं सांगू, पिंजऱ्यात तर ती माझ्या हातानं कवाच गेलती. तो पिंजरा संगं चालत हुता, एवढंच.”

दुसऱ्याच दिवशी तुकाराम त्यांना शोधत खानावळीत आला. अस्वल काही खात नव्हतं. केळी, पेरू, दूध, मध, सगळं पुढं पडून होतं आणि ते दाराकडे तोंड करून बसलं होतं. उस्मानभाई गेले, “ले, मुन्नी” म्हणाले, आणि तिनं सगळं फस्त केलं. तेव्हापासून सकाळी आणि उन्हं कलल्यावर असं दोन वेळा त्यांना बागेत जाणं आलं. तिकीट माफ. रात्री राहायला जागा हवी म्हणून मी एका क्लासच्या सरांना सांगून त्यांना तिथं फाटकावर चौकीदार लावलं. त्या क्लासला माझे डबे जायचे.

असा हा जन्मभर पालात राहिलेला माणूस दिवसा प्राण्यांच्या बागेत आणि संध्याकाळी क्लासच्या दारात बसायला लागला, आणि जेवायला आला की मला दोन्हीकडच्या बातम्या द्यायचा. बागेला ते ‘ते गाव’ म्हणायचे. परमुलखात जाऊन आलेल्या माणसानं तिथल्या रीती सांगाव्यात तसं सांगायचे.

“त्या गावात झोप लई मोठा गुन्हा हाय, अक्का. जनावर झोपलेलं दिसलं की माणसाचं डोकं फिरतं. ‘ए, ऊठ! ऊठ की! तिकीट काढलंय!’ मगर हालली न्हाई तर एक मास्तर म्हणाले, प्लॅस्टिकची हाय, फसवलं आपल्याला. आणि पैसे वसूल व्हावे म्हणून आख्ख्या घरानं तिच्यावर एक एक खडा टाकला. तान्ह्या पोराच्या हातात बी दिला. पूजेत हात लावून घेतेत ना, तसा.”

दुसऱ्या दिवशी दुसरं. “बाप माणूस, चष्मेवाला, हापिसात साहेब असंल. माकडापुढं गेला आणि काखा खाजवून दात इचकून दावले. बायको हसली, पोरं हसली. घरी सासऱ्यापुढं करंल का असं? पिंजरा लई गुणाचा हाय. आतल्याचं जाणं बंद करतो आणि बाहेरच्याची लाज.”

“आणि माकडं काय करत होती?”

“माकडं खाऊन राहिली हुती. ती रोज बघतेत ते.”

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांनी मुन्नीच्या पिंजऱ्यावरची पाटी मला वाचायला लावली. मी अक्षर अक्षर लावून वाचली. अस्वल. कुठं सापडतं. आहार, वाळवी, मध, रानफळं. उस्मानभाई कान देऊन ऐकत होते. “ही कुणाची पाटी लावली? मुन्नीनं जन्मात वाळवी खाल्ली न्हाई. तिला जवारीची भाकर आणि गुळाचा च्या लागतो. आणि ‘सापडतं’ म्हंजे काय? सापडलं म्हणून तर इथं हाय.” परत येताना क्लासच्या चौकात निकालाचे मोठे फलक लागले होते. पोरांचे फोटो, खाली नाव, गाव, मार्क. त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि तेही मला वाचायला लावलं. “हे बी तसंच की. तोंड, नाव, कुठं सापडतं. फक्त खाणं लिवायचं राहिलं.”

“खाणं माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “वरण-भात, दोन पोळ्या, रविवारी अंडी. लिहा म्हणावं.”

क्लासच्या कचेरीत काचेची मोठी पेटी होती, तिच्यात लाल-पिवळे मासे. सर त्यांच्यावर पोरांपेक्षा जास्त लक्ष ठेवायचे. उस्मानभाई फाटकावरून दारातून त्या पेटीकडे आणि तिच्यापुढं बसलेल्या आईबापांकडे बघत राहायचे. पुष्कळ दिवसांनी एकदा म्हणाले, “अक्का, मला सापडलं. ह्या मासळ्या कुठं कुठं असतेत सांगू? दात काढणाऱ्या डॉक्टरकडं. मोठ्या दवाखान्यात. वकिलाकडं. आणि ह्या क्लासात. जिथं माणूस भिऊन बसलेला असतो, तिथंच. कुणाच्या लग्नात मासळ्या बघितल्या का तुम्ही?”

मी म्हटलं, नाही.

“तर! आम्ही भ्यालेल्या पोराला अस्वलावर बसवतो तर साहेब म्हणतेत अडाणी. आणि ह्यांनी काचंत मासळ्या कशाला ठेवल्या? भ्यालेल्या माणसानं बघत बसावं म्हणून. रीत एकच. आमची अंगाला अंग लावून, ह्यांची मधे काच ठिऊन.” मग म्हणाले, “पर त्या पोरांना मासळ्या बी बघू देत न्हाईत. आईबाप कचेरीत बसतेत आणि पोरं मागच्या दारानं वर जातेत.”

असं चाललं होतं. मला वाटत होतं, चाललंय तसं चालू दे. पण उस्मानभाईंना खोकला लागला. आधी नुसता, मग रक्ताचा. दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, पण वय झालेलं होतं. दोन दिवस त्यांना उठता आलं नाही तर मुन्नीनं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बागेचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उस्मानभाईंना कचेरीत बोलावून खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, “बाबा, तुम्ही गेलात तर हिचं काय?”

त्या एका प्रश्नानं उस्मानभाईंची झोप उडाली. जी शिकवण त्यांनी मिरवली होती, ती मुन्नीच्या जिवावर उठली होती.

त्यांनी तुकारामला हाक शिकवली. तुकाराम गडगडाटी आवाजाचा, परभणीकडचा माणूस. तो पिंजऱ्यापुढं उभा राहून “ले मुन्नी, ले मुन्नी” करून दमला. मुन्नी त्याच्या बाजूनं मान काढून मागं उस्मानभाई दिसतात का बघायची. मग उस्मानभाईंनी मधल्या भिंतीआड लपून हाक द्यायची आणि तुकारामनं खाणं ठेवायचं, असं करून बघितलं. ती भिंतीकडे बघून खायची. मग ते मुद्दाम गेलेच नाहीत. मुन्नी बसून राहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी ती उठून उभी राहायला लागली तर मागच्या पायांनी झुकत होती. तुकाराम रडवेला होऊन आला, “चला हो चाचा, मरंल ती.” गेले. हाक दिली. तिनं खाल्लं, आणि मग कुणी सांगितलेलं नसताना मागच्या पायांवर उभी राहून सलाम केला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी उस्मानभाई जेवायला आले. जाताना म्हणाले, “अक्का, रईवारी सकाळी माझ्यासंगं चला. आणि भाकर तुमच्या हातची पायजे. ताजी.”

“साहेब रविवारी नसतात.”

“म्हणून तर.”

मला वाटलं, साहेबांच्या माघारी तिला भाकरी चारायची असेल. मी दोन भाकऱ्या थापून फडक्यात बांधून घेतल्या. पुढं काय झालं ते वर लिहिलंय. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून जगलेला माणूस त्या दिवशी लोक आहेत हेच विसरला होता.

रिक्षात त्यांच्या तोंडाला माझ्या पदराचं टोक लावलेलं होतं. मी संतापले होते. “वेड लागलं का तुम्हाला? का मारलंत तिला?”

त्यांनी पदर बाजूला केला. “माझा बाप मरताना सांगून गेला. जनावराला मारावं लागतंय, मार. पर भाकरीच्या वक्ताला हात उचलू नको. एकदा उचललास की तुझ्या हाकेवर ते पुन्हा तोंड खाली घालणार न्हाई. तुझी हाक मेली म्हणून समज. माझी हाक मेली तरच मुन्नी दुसऱ्याच्या हातचं खाईल. म्या आख्ख्या जन्मात भाकरीच्या वक्ताला हात उचलला न्हाई, अक्का. नाक टोचलं, दात काढले, सगळं केलं. हे केलं नव्हतं.”

मग मी मूर्खासारखं विचारलं, “एकदा मारून भागलं नसतं का?”

“कसं भागंल? पुन्हा आली की ती.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बागेत यायची बंदी केली, पोलिसात देईन म्हणाले. तुकारामनं खरं काय ते सांगितल्यावर पोलिसाचं मागं घेतलं, बंदी राहिली. तिची गरज नव्हती. उस्मानभाई बागेच्या रस्त्यालाही गेले नाहीत. मुन्नी बसून होती. तुकाराम खाणं ठेवायचा, काही न बोलता पाठ फिरवून जायचा आणि संध्याकाळी तसंच उचलून आणायचा. मी रोज त्याच्याकडून विचारून घेत होते आणि रोज उस्मानभाईंना तेच सांगत होते. ते मान हलवायचे. मला वाटायला लागलं होतं की या माणसानं तिला मारूनच टाकलं, आणि मी ते एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलंही.

मग एका सकाळी तुकाराम सायकल टाकून खानावळीत शिरला. “अक्का, खाल्लं! आधी पेरू खाल्ला, मग सगळं. मी पाठ करून उभा हुतो, मागं कडकड आवाज आला.”

मी डबे तसेच ठेवले आणि क्लासच्या फाटकावर गेले. उस्मानभाई खुर्चीवर बसले होते.

“खाल्लं तिनं,” मी म्हटलं.

“कुणाच्या हातचं?”

“तुकारामच्या.”

“हाक दिली का कुणी?”

“नाही. आपलं आपण खाल्लं.”

ते बराच वेळ फाटकाची कडी हातानं इकडून तिकडं करत राहिले. “तुकारामला म्हणावं, हात धुवून देत जा. बिड्या पितो तो.” आणि मग म्हणाले, “बाप खरं बोलला, अक्का. मला वाटलं हुतं, खोटं निघंल.”

त्यानंतर त्यांनी मला त्या गावची एकही बातमी सांगितली नाही. कचेरीतल्या माशांकडेही बघेनात. खुर्ची फिरवून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. नव्यानं आलेली पोरं विचारायची, चाचा, तुमच्याकडे अस्वल होतं म्हणे? ते म्हणायचे, “हुतं कुणाचं तरी.” मी अधूनमधून तिकीट काढून बागेत जायची. येऊन सांगायची, अंग भरलंय, केस चमकतात, नाकाची जखम भरली. ते ऐकून घ्यायचे. ती आठवण काढते का, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला अस्वलाच्या मनातलं काय कळणार? मी बघितलं ते एवढंच, की दाराकडे तोंड करून बसायचं तिनं सोडलं होतं.

माणसं मला म्हणतात, तुम्ही फार कोरड्या आहात. असेन. पण मला त्या सगळ्यात दोषी असा कुणी सापडत नाही आणि म्हणून ते जास्त सलतं. कायदा बरोबर होता. साहेबांचा प्रश्न बरोबर होता. बापाची शिकवण बरोबर होती. मारायला धावलेले लोकसुद्धा, त्यांना जे दिसलं त्यावरून, बरोबरच होते. सुई तापवली तिथं चूक झाली, आणि ती ज्याच्याकडून झाली त्यानं ती कधी लपवली नाही. एका माणसाला एका जनावरानं विसरावं म्हणून एवढं करावं लागलं, आणि ते झालं, आणि झाल्यावर त्याला काहीच उरलं नाही.

थंडी सुरू झाली तशी उस्मानभाईंनी चौकीदारी सोडली. जळकोटला जातो म्हणाले, पालात बरं वाटंल. मी भाकऱ्या बांधून दिल्या. एस.टी.त बसवलं तेव्हा खिडकीतून म्हणाले, “मंगलला सांगा, अस्वलवाला इचारत हुता.” त्याच थंडीत ते गेले. पुतण्यानं फोन केला तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

मी तुकारामला सांगायला बागेत गेले. तो मुन्नीचं खाणं आत ठेवत होता. ऐकून त्यानं हातातली खाण्याची टोपली खाली ठेवली आणि टोपी काढली. मुन्नी पुढं आली आणि खायला लागली.

दोनेक वर्षांनी बाग बंद झाली. मुन्नीला दूर, अस्वलांसाठीच राखलेल्या जंगलात नेलं. तुकाराम पोचवायला गेला होता. तिथं ती पहिल्याच दिवशी जेवली आणि पुढं पुष्कळ वर्षं जगली.